पुरुषी आवाजाचा सांधा आणि सरावाची गाणी



गाण्याविषयी बोलायचे ते गवयाने, असा समज आहे आणि तो बरोबरही आहे. मी गवई नाही. माझी हयात गेटसभा, मोर्चे आणि वाटाघाटी यांत गेली. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे एक कलापथक होते. त्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या खात्यातला एक तरुण गात असे. मध्य सप्तकात त्याचा आवाज भरदार आणि गोड होता. पथकाची गाणी मी निवडीत असे. शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज ध्वनिमुद्रिकांवर ऐकून माझ्या मनाने घेतले होते की, कामगाराचे गाणे म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत फेकलेला तार स्वर. एका लांबलेल्या संपात या मुलाला मी रोज दोन-दोन गेटांवर पोवाडे म्हणायला लावले. पुष्कळदा ध्वनिक्षेपक नसे. तिसऱ्या महिन्यात त्याचा आवाज बसला. स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. मौन झाले, औषध झाले, आवाज परत आला. पण वरचे स्वर परत आले नाहीत. तो मला दोष देत नाही. “भाऊ, तुम्ही सांगितलंत, मी म्हटलं,” एवढेच म्हणतो. मला मात्र ते वाक्य पुरून उरले आहे. गाणे निवडणाऱ्यावरही जबाबदारी असते, हे मी त्यानंतर शिकलो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुरुषाचा आवाज चढत गेला की एका ठिकाणी अडतो. तिथे एक तर माणूस ओरडतो, नाही तर आवाज फाटून एकदम बारीक होतो. त्या बारीक आवाजाला आपल्याकडे ‘चोरटा आवाज’ म्हणतात. खालचा तो छातीचा आवाज, वरचा तो डोक्याचा. आणि या दोहोंमधला सांधा ऐकणाऱ्याला कळू न देणारा जो आवाज, तो मिश्र आवाज. छाती, डोके ही नावे गाणाऱ्याला जिथे कंप जाणवतो त्यावरून पडली. आवाज निघतो तो स्वरयंत्रातूनच. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र चालू असताना पाहिले, तेव्हापासून ही गोष्ट डोळ्यांनी तपासता येऊ लागली.

स्वरतंतूंवर मुख्यतः दोन स्नायूंची सत्ता चालते. एक तंतूंच्या अंगातच असतो. तो त्यांना आखूड आणि जाड करतो. दुसरा त्यांना ताणून लांब आणि पातळ करतो. खालच्या स्वरांत पहिल्याचे काम जास्त, वरच्या स्वरांत दुसऱ्याचे. माझे वडील गिरणीत साचेवाले होते. ते सांगत की, चांगला कामगार पाळी संपली म्हणून साचा टाकून पळत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस उभा राहीपर्यंत थांबतो, आणि साचा चालूच राहतो. मिश्र आवाज म्हणजे अशी बिनखळ पाळीबदल. पहिला स्नायू हटून बसला तर ओरड होते. त्याने एकदम हात सोडला तर आवाज फाटतो. किशोरकुमार गाताना जे ‘यॉडलिंग’ करीत, त्यात हा सांधा मुद्दाम उघडा करून दाखवलेला असे. मिश्र आवाजात तोच झाकायचा असतो.

हा सांधा असतो कुठे? बहुतेक पुरुषांत तो सेकंदाला सुमारे २६० ते ३९० कंपनांच्या पट्ट्यात सापडतो. जाड आवाजाचा जरा खाली, पातळ आवाजाचा जरा वर. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा आणि तार षड्ज २७७ चा असतो. म्हणजे तार षड्जाच्या किंचित अलीकडून तार मध्यमाच्या किंचित पलीकडे, एवढाच हा अवघड घाट. आपला घाट शोधण्यासाठी ‘ऊ’ या स्वरावर हलक्या आवाजात खालून वर मींड घ्यावी. जिथे जोर लावावासा वाटतो किंवा आवाज निसटतो, ती जागा पेटीवर पाहून लिहून ठेवावी.

आता गाणे कसे निवडावे ते पाहू. पहिली गोष्ट पट्टीची. गाणे तेच ठेवून पट्टी बदलली की ते दुसरेच गाणे होते. राष्ट्रगीताचा अनुभव आठवा. ते काही सरावाचे गीत नव्हे, त्याचा मान वेगळा. पण त्याची चाल सर्वांच्या कानांत आहे. शेवटच्या जयघोषाला ती एकदम उडी घेऊन तार षड्जाला लागते आणि मग पायरीपायरीने उतरते. सभेत कुणी सुरुवातच चढी केली, तर त्या उडीला निम्मे पुरुष गप्प होतात किंवा खालच्या सप्तकात उतरतात. दोष गळ्यांचा नसतो, पट्टीचा असतो. मूळ गायकाच्या पट्टीत म्हणण्याचा हट्ट ही शिकाऊ गायकाची पहिली चूक.

दुसरी गोष्ट, गाण्याचा पल्ला वेगळा आणि गाण्याची वस्ती वेगळी. पल्ला म्हणजे सर्वांत खालच्या स्वरापासून सर्वांत वरच्या स्वरापर्यंतचे अंतर. वस्ती म्हणजे चाल ज्या स्वरांवर जास्त वेळ राहते तो मुलूख. दोन गाण्यांचा सर्वांत वरचा स्वर एकच असेल. पण एक त्याला शिवून परत येते आणि दुसरे तिथेच ठाण मांडते. पहिले शिकवते, दुसरे थकवते. आरंभी असे गाणे घ्यावे, जे ध्रुपदात सांध्याच्या खाली राहते आणि अंतऱ्यात एक-दोनदाच सांधा ओलांडते. ओलांडणे उडीने नको, पायरीने हवे. वरून खाली उतरणारी चाल तर अधिक चांगली, कारण हलका आवाज खाली आणणे हे जाड आवाज वर ढकलण्यापेक्षा सोपे जाते.

तिसरी गोष्ट, वरच्या स्वरावर कोणते अक्षर येते? ‘आ’ला तोंड उघडे असते. त्यावर जाड आवाज वरपर्यंत चढत जातो, मोठा वाटतो, आणि माणूस ओरडण्यात कधी शिरला ते त्याचे त्यालाच कळत नाही. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांवर आवाज लवकर हलका होतो. पोवाड्यात झीलकरी ‘जी’ची झील उंच धरतात, ती ‘ई’वर, हे अक्षर तिथे सोयीचे पडते. तेव्हा सरावाला आधी ‘ई’, ‘ऊ’, ‘ओ’ वर असलेली गाणी घ्यावीत, ‘आ’ची मागाहून. किंवा शब्द बाजूला ठेवून सारी चाल प्रथम ‘ऊ’वर म्हणावी, मग शब्द घालावेत.

चौथी गोष्ट जोराची. सांधा जुळायला लागला की आवाज काही दिवस बारीक आणि दुबळा वाटतो. पुरुषाला याची लाज वाटते, आणि तिथेच पुष्कळांचे शिक्षण संपते. म्हणून वीररसाची गाणी आरंभी नकोत. त्यांतला आवेश गळ्याला जोर लावायलाच सांगतो. पाळण्याची गाणी, ओवीच्या चाली, संथ अभंग घ्यावेत. मूल झोपवायचे गाणे ओरडून म्हणताच येत नाही, हाच त्याचा गुण. पोवाडा सर्वांत शेवटी. मी नेमके उलटे केले होते.

जोराचा हा मोह आपल्यापुरताच नाही. १८३७ साली पॅरिसच्या ऑपेरात ड्युप्रे या गायकाने, एरवी हलक्या आवाजात घेतला जाणारा तार स्वर छातीच्या जोराने घेतला आणि लोक वेडे झाले. पुढे सगळेच तसे करू लागले. टाळ्या जोराला पडतात. पण खुद्द ड्युप्रेचाही आवाज फार वर्षे तसा राहिला नाही.

पाचवी गोष्ट श्वासाची. कठीण जागेच्या आधी श्वास घ्यायला विसावा आहे, असेच गाणे घ्यावे. सराव दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसातून दोनदा. तासाभराचा एकदा नको. आणि एक खूण कायम ध्यानात ठेवावी. गाणे संपल्यावर बोलण्याचा आवाज आधीपेक्षा मोकळा हवा. तो घोगरा झाला, तर गाणे किंवा पट्टी चुकली असे समजावे. घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर काढे-गुळण्यांवर न राहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत.

कुणी म्हणेल, पोटाच्या लढाईत ही नाजूक चैन कशाला? मी म्हणतो, हमालाच्या पाठीवर किती वजन द्यावे याचा आपण नियम मागतो. मग त्याच्या गळ्यावर किती द्यावे, याचा नियम आपणच का मोडावा?

त्या मित्राचा मुलगा आता भजनी मंडळात गातो. मागे एकदा तो एक चढा अभंग घेऊन आला. वरच्या जागेला त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मी पेटीवाल्याला पट्टी दोन स्वर उतरवायला सांगितली आणि मुलाला म्हटले, “आता म्हण, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हण.” त्याचा बाप दाराशी बसून ऐकत होता. तो काही बोलला नाही. पण अभंग संपेपर्यंत उठलाही नाही.