काउंट चढत नाही

‘काल एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेटची पिशवी चढवली, तासाभराने पाहिलं तर प्लेटलेटचा काउंट जागच्या जागी,’ वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला. ताप नाही, पानथरी वाढलेली नाही, म्हणजे ती कारणं नव्हती. पेशंट तीव्र मायलॉइड ल्युकेमियाची, दोन मुलांची आई. गरोदरपणात बाळाकडून आणि आता पिशव्यांतल्या पांढऱ्या पेशींकडून परके एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, तिच्या रक्तात आले, शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवली. चढवलेल्या प्लेटलेटचा हीच प्रतिपिंडं फडशा पाडत असणार.

तिचा भाऊ एचएलएत अर्धा जुळतो, तिला बोनमॅरो द्यायला तयार आहे. त्याच्या पेशींनाही ही प्रतिपिंडं मारतील का, ते मला पाहायचं होतं.

त्याचं रक्त फायकॉलच्या द्रावणावर हलकेच सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, की मधे ढगासारखं पांढरट कडं धरतं. त्याच लिम्फोसाइट पेशी. कडं पिपेटने उचलताना मी आजही श्वास रोखते. मग टेरासाकी ट्रे. पॉल टेरासाकी आणि जॉन मॅक्लेलंड यांनी 1964 मध्ये ही चाचणी एवढ्याशा रक्तावर आणून ठेवली: खळग्यात तेल, त्याखाली 1 मायक्रोलिटर तिचं सीरम, 1 मायक्रोलिटर त्याच्या पेशी. अर्ध्या तासाने सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट. प्रतिपिंड पेशीला चिकटलं असेल, तर कॉम्प्लिमेंट तिच्या आवरणाला भोकं पाडतं. आणखी तासाभराने मेलेल्या पेशींत शिरणारा रंग, इओसिन.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी कंट्रोल. निगेटिव्हमधल्या पेशी दवासारख्या चमकत होत्या, रंग आत शिरला नव्हता. पॉझिटिव्हमधल्या काळपट, फुगलेल्या. मग भावाची रांग. पहिल्या खळग्यापासून काळोखच. गुण 8, म्हणजे 80 टक्क्यांहून जास्त पेशी मेलेल्या. पेशंटची स्वतःविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडं कधी कधी फसवतात, म्हणून ती मोडणारं डीटीटी घालून पुन्हा लावलं. तरीही 8.

हे बरंचसं टाळता येतं, याचा मला राग येतो. 1997 च्या अमेरिकेतल्या ट्रॅप अभ्यासात याच आजाराच्या रुग्णांना साध्या प्लेटलेट दिल्यावर 45 टक्क्यांमध्ये अशी प्रतिपिंडं तयार झाली. पांढऱ्या पेशी गाळून दिल्यावर 17-18 टक्क्यांमध्ये. गाळणीचा खर्च पहिल्या पिशवीपासूनच करायला हवा.

बाहेर बाकावर भाऊ बसला होता. ‘ताई, माझं चालेल ना?’

‘डॉक्टर सांगतील,’ म्हणाले. आत सेंट्रिफ्यूजमध्ये धाकट्या बहिणीचं रक्त फिरत होतं.