डोमेनचे पैसे तुम्ही भरले. नाव कोणाचं लागलं?

‘डोमेन आम्ही विकत घेतलंय, ते आता कायमचं आमचंच.’ हे वाक्य मी पतसंस्थेच्या सचिवांकडून ऐकलंय, कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांकडून ऐकलंय, दिवाळी अंकाच्या संपादकांकडूनही ऐकलंय. प्रत्येकाला मी एकच विचारतो, रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याचं लॉगिन कोणाकडे आहे? मग एकमेकांकडे बघणं सुरू होतं. ‘वेबसाइट करून दिली त्या मुलाकडे असेल.’ तो मुलगा बहुधा कोणाच्या तरी भाच्याचा मित्र असतो आणि सध्या बंगळुरूला नोकरीला असतो.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. ‘कायमचं’ ही लहान, ‘आमचंच’ ही मोठी.

लहान आधी घेऊ. डोमेन कायमचं कोणालाच मिळत नाही. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं, पुढे मुदत वाढवत राहायचं. डॉट कॉमची मूळ नोंदवही अमेरिकेतली व्हेरिसाइन कंपनी सांभाळते, डॉट इनची आपल्याकडची निक्सी. त्यांच्याशी आपला थेट संबंध येत नाही. मध्ये रजिस्ट्रार असतो, पुष्कळदा त्याच्याखाली रिसेलर आणि त्याच्याही खाली आपला भाच्याचा मित्र. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेरिसाइनचा रजिस्ट्रारसाठीचा वर्षाचा दर १०.२६ डॉलर झाला, म्हणजे आठ-नऊशे रुपये. तेव्हा ‘९९ रुपयांत डॉट कॉम’ ही जाहिरात फक्त पहिल्या वर्षापुरती असते हे उघड आहे. दुसऱ्या वर्षाचा दर बारीक अक्षरात असतो, तो आधी वाचावा.

मुदत संपली म्हणून नाव त्याच रात्री जात नाही, पण साइट आणि त्या नावावरचा ईमेल लवकरच बंद पडतो. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रारकडे मुदत संपल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस असतात. त्यातले तुम्हाला किती द्यायचे हे तो ठरवतो, आणि काही रजिस्ट्रार एवढ्यात नावाचा लिलावही लावतात. त्यानंतर ३० दिवस दंडासारखी जादा फी भरून नाव सोडवता येतं. शेवटच्या ५ दिवसांत कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव जगाला खुलं. नुकतंच सुटलेलं, थोडीफार ओळख असलेलं नाव उचलायला टपून बसलेले लोक आहेत. तुमच्या संस्थेच्या नावावर उद्या जुगाराची जाहिरात दिसली तर नवल वाटून घेऊ नका.

हे फक्त लहानांचंच होतं असं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमची मुदत वाढवायला विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्याच नावावर चालायचं, त्यामुळे लोकांना मेल उघडेनात. शेवटी एका लिनक्स प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली.

‘पण आम्हाला कोणी कळवलंच नाही!’ कळवलं होतं. डॉट कॉमसारख्या नावांना आयकॅन या डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेचे नियम लागू असतात, आणि त्यानुसार रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना द्यावीच लागते. ती नोंदीतल्या ईमेलवर जाते. तो ईमेल कोणाचा? बंगळुरूच्या मुलाचा.

आणि इथे मोठी चूक येते. गाडीचे पैसे तुम्ही मोजले आणि आरसी बुकवर नाव मेकॅनिकचं लागलं, तर रस्त्यात पोलीस कोणाची गाडी म्हणेल? डोमेनचंही तेच. पैसे कोणी दिले याची पावती नोंदवहीला दिसत नाही. रजिस्ट्रंट म्हणून ज्याचं नाव आहे, त्याचं डोमेन. मुलगा लबाड असतो असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो फक्त घाईत असतो. स्वतःच्या खात्यात दहा गिऱ्हाइकांची दहा नावं टाकतो, कारण ते सोपं पडतं. पुढे त्याचं कार्ड बदलतं, धंदा बदलतो, फोन लागत नाही, आणि तुमची पाचावर धारण बसते.

भांडून परत मिळवू म्हणाल, तर वाट आहे, पण खडकाळ. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तंटा सोडवायची पद्धत आहे, डॉट इनसाठी निक्सीची वेगळी आहे. वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एका पंचासमोर तक्रार न्यायची फीच १,५०० डॉलर. शिवाय नावावर तुमचा ट्रेडमार्कचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू, दोन्ही सिद्ध करावे लागतात. ‘करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं’ अशा प्रकरणात पंच पुष्कळदा हा कराराचा वाद आहे, कोर्टात जा, असं सांगून मोकळे होतात.

त्यापेक्षा आज अर्धा तास घाला. आयकॅनच्या लुकअप पानावर डॉट कॉम नावाचा रजिस्ट्रार आणि मुदत दिसते. मालकाचं नाव बहुधा दिसणार नाही, कारण २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून ते झाकलेलं असतं. म्हणून खात्यात शिरूनच बघावं लागतं. तिथे संस्थेच्या रकान्यात संस्थेचं नाव हवं, आणि ईमेल असा हवा जो याच डोमेनवर चालत नाही. नाहीतर डोमेन बंद पडलं की त्याची सूचना येणारी पेटीही बंद. खातं मुलाचं असेल तर त्याला गोडीत सांगून डोमेन तुमच्या खात्यात हलवून घ्या. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा परवलीचा कोड, लागतो, आणि मागितल्यावर तो ५ दिवसांत द्यायला रजिस्ट्रार बांधील आहे. ‘देता येत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

‘माझ्याकडचं होस्टिंग सोडलंत तर नाव जाईल,’ अशी भीतीही घातली जाते. साफ खोटं. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे फाइली ठेवलेला सर्व्हर. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांकडे सुखाने राहतात. डीएनएसच्या नोंदी बदलल्या की तेच नाव नव्या सर्व्हरकडे वळतं. मेल मात्र जुन्या होस्टिंगवर असेल तर आधी त्याची सोय लावा, नाहीतर साइट नव्या घरी आणि पत्रं जुन्या पत्त्यावर.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘अनलिमिटेड’ होस्टिंगलाही मर्यादा असते, बहुधा फाइलींच्या संख्येची, आणि प्रत्येक मेलसुद्धा एक फाइल म्हणून मोजला जातो. एसएसएल प्रमाणपत्राला हजारो रुपये मोजायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते २०१५ पासून फुकट देते. आणि ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट प्रामाणिक, असं नव्हे. मधल्या वाटेवर कोणी मजकूर वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोकांना हे समजेना म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं. ‘स्वस्त-पुणे-फ्लॅट’ छापाच्या नावाने गुगलवर वर येण्याचे दिवस सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने क्रम लावण्याची पद्धत बदलल्यानंतर सरले. डॉट इन घेतल्याने काही बिघडत नाही. गिऱ्हाईक भारतातलं असेल तर गुगलला ती उलट मदतच होते. फुकटचे डॉट टीके, डॉट एमएल घेणाऱ्यांना ती नावं वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीने २०२३ मध्ये नवीन नोंदणी थांबवून आणि पुढच्या वर्षी धंदाच गुंडाळून उत्तर दिलं.

‘बॅकअप होस्टिंगवाले घेतात’ हा यातला सर्वांत महाग गैरसमज. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, आणि काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. डेटाबेस आणि फाइलींची एक प्रत महिन्यातून एकदा तरी स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या, आणि ती उघडते का तेही बघा.