बाळाची पहिली शी अडली तर काय करावं, आणि ऑपरेशननंतर पुढे काय?



जाळी, बोटी, बीज यांची माहिती आपण नेहमी देतो. आज लेकरांच्या तब्येतीचा विषय घेतोय. घरात बाळंतपण असेल त्यांनी नक्की वाचा.

नव्या बाळाला पहिली काळी शी बहुधा २४ तासांत होते. ४८ तास उलटूनही झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर घुटी, साबणाची कांडी असले उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. हा 'हिर्शस्प्रुंग' आजार असू शकतो. साधारण ५००० बाळांत एकाला होतो, मुलग्यांत जास्त. काही मुलांत तो उशिरा, जुनाट बद्धकोष्ठ म्हणून कळतो.

होतं काय? आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी तयारच झालेल्या नसतात. तो भाग आवळलेलाच राहतो, मळ पुढे सरकत नाही. नाला तोंडाशी बुजला की मागे पाणी तुंबतं, तसंच. यात आईच्या खाण्यापिण्याचा काही दोष नाही. सुनेला बोल लावू नका.

गुदद्वाराजवळचा बारीक तुकडा तपासून निदान पक्कं होतं. मग तो खराब भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली जोडतात. ही शस्त्रक्रिया स्वेनसन या सर्जनने १९४८ मध्ये मांडली. आता पुष्कळ बाळांत पोट न चिरता, गुदद्वारातूनच करतात. कधी आधी पोटावर शीची वाट काढून पिशवी लावावी लागते. ती बहुधा तात्पुरती असते, पुढे बंद करतात. घाबरून उपचार सोडू नका.

ऑपरेशननंतर बहुतेक मुलं नीट वाढतात, शाळेत जातात. पण लगेच सगळं सुरळीत होईल असं धरून चालू नका. सुरुवातीला वारंवार शी होते, कातडी सोलते. काहींना बद्धकोष्ठ राहतं, काहींच्या चड्डीला डाग लागतात. वय वाढेल तसं पुष्कळांचं सुधारतं. पोराला रागावू नका, मारू नका. तो मुद्दाम करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: ताप, फुगलेलं पोट, घाण वासाचे पातळ जुलाब ही आतड्याला सूज आल्याची लक्षणं. ऑपरेशन झालेल्या मुलालाही हे होऊ शकतं, आणि जिवावर बेततं. त्याच दिवशी न्या, सकाळची वाट बघू नका. ऑपरेशनचे कागद सोबत ठेवा.

ग्वाल्हेरात बायका-मुलांसाठी कमलाराजा रुग्णालय आहे. लहान मुलांच्या सर्जनबद्दल तिथे विचारा. आयुष्मान कार्ड असेल तर भरती होतानाच दाखवा. बरं वाटलं तरी बोलावलेल्या तारखेला जाच. एक दिवस बोट बांधून ठेवावी लागली तरी चालेल.

ही माहिती घरातल्या आजी, आत्या, मावशींना वाचून दाखवा.