परदेशी सत्राचा हिशेब

सोफिया कोर्राडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतली, तेव्हा तेथील विद्यापीठाने तिचा परदेशातील अभ्यास मान्य करण्याचे नाकारले. पुढे प्राध्यापिका झालेल्या कोर्राडी यांनी १९६९ पासून अशा अभ्यासाला मान्यता मिळावी म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने ‘इरॅस्मस’ योजना स्वीकारली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी या योजनेखाली दुसऱ्या देशात शिकावयास गेले. आज हा आकडा वर्षाला लाखांच्या घरात आहे.

या योजनेचा उगम प्रवासाच्या हौसेत नसून मान्यतेच्या प्रश्नात आहे, ही गोष्ट परदेशी सत्राची आखणी करणारे बहुतेक तरुण विसरतात. ते नकाशा पुढे घेऊन बसतात. पॅरिस बरे की प्राग, याचा खल करतात. वस्तुतः आखणीचा आरंभ स्वतःच्याच विभागाच्या अभ्यासक्रमापासून व्हावयास हवा. आपल्या विभागाचा करार कोणत्या विद्यापीठांशी आहे, आपल्या विषयासाठी तेथे किती जागा आहेत आणि तेथील कोणते विषय येथे धरले जातील, हे आधी पाहावे लागते. युरोपात यासाठी ‘अध्ययन करार’ असतो. त्यावर विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या प्रस्थानापूर्वी व्हाव्यात, अशी अपेक्षा असते. वर्षाला ६० व सत्राला ३० श्रेयांक हे तेथील माप. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. कोर्राडींना जे भोगावे लागले, त्यावरचा खरा उतारा शिष्यवृत्ती नव्हे, हा कागद आहे.

मान्यतेचा प्रश्न असा बराचसा सुटला. पैशाचा मात्र सुटलेला नाही. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, एवढ्यावरून हे सत्र ‘फुकट’ असल्याचा समज पसरतो. परंतु ‘इरॅस्मस’चे अनुदान मुळातच परदेशी राहण्याच्या वाढीव खर्चाला हातभार म्हणून दिले जाते; संपूर्ण खर्च भागविण्याचा त्याचा दावा नाही. त्यातील काही भाग बहुधा परतल्यानंतर हाती पडतो, तर खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे पोहोचताच मोजावे लागते. भाड्यांची स्थिती काय आहे, हे २०२३ च्या मे महिन्यात दिसून आले. मिलानमध्ये विद्यार्थ्यांनी भाडेवाढीच्या निषेधार्थ तंत्रविद्यापीठासमोर चक्क तंबू ठोकले आणि ते लोण इटलीतील इतर शहरांत पसरले. ज्याच्या घरी दोन-तीन महिन्यांचा खर्च आगाऊ उचलण्याची ऐपत आहे, तो निर्धास्तपणे अर्ज करतो. ज्याच्या घरी ती नाही, तो गुणवत्तेत सरस असूनही अर्जच करीत नाही. जो अर्जच करीत नाही, तो नाकारलेल्यांच्या यादीतही दिसत नाही. २०२१ पासून कमी संधी लाभलेल्या विद्यार्थ्यांना दरमहा २५० युरो जादा देण्याची तरतूद झाली, हे योग्यच झाले. पण रोकड वेळेवर हाती येण्याची अडचण केवळ रक्कम वाढविल्याने दूर होत नाही.

भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. २०१५ पासून ‘इरॅस्मस’ची काही दालने युरोपबाहेरील विद्यापीठांनाही खुली झाली आहेत, तथापि विद्यापीठांमधील अनेक परस्परकरारांत केवळ शुल्कमाफी असते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी निर्वाहाची सोय दाखवावी लागते. शिष्यवृत्ती नसेल तर त्यासाठी गोठविलेल्या खात्यात पैसे ठेवणे हा नेहमीचा मार्ग, आणि सप्टेंबर २०२४ पासून त्याचे प्रमाण महिन्याला ९९२ युरो ठरविण्यात आले. युरोचा भाव शंभर रुपये धरला, तर सहा महिन्यांचे सुमारे सहा लाख रुपये झाले. तेही विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी. शुल्कमाफी या शब्दाला मग काय अर्थ उरतो?

वेळापत्रकाचा तिढा वेगळाच. जर्मनीतील हिवाळी सत्राची व्याख्याने साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा त्यानंतर चालतात. महाराष्ट्रातील पहिले सत्र तोवर केव्हाच आटोपलेले असते व दुसरे निम्मे उलटलेले असते. एका सत्रासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला अशा रीतीने घरची दोन सत्रे गमवावी लागण्याचा धोका असतो. वर्ष वाया जाण्याची ही किंमत कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

२०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या बँकेचे नियम केले. पुढे आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक धरले आहेत. म्हणजे दोहोंकडे पूर्ण सत्राचे काम मानले, तर तेथील ३० श्रेयांक येथील २० च्या बरोबरीचे होतात. हे गणित शाळकरी मुलालाही जमावे. पण ते करून सही कोणी करावयाची, यावर महाविद्यालयीन कचेऱ्यांत महिने जाऊ शकतात. परदेशी विद्यापीठाशी करार करताना छायाचित्रे काढण्यासाठी जी तत्परता दाखविली जाते, तिच्या निम्म्याने जरी विषयांच्या समकक्षतेचा तक्ता करारासोबतच जोडला गेला, तरी अर्जदाराचे अर्धे काम हलके होईल. जोडीला बिनव्याजी उचल देणारा छोटा फिरता निधी हवा. खोलीची अनामत परत मिळाली आणि अनुदानाचा उरलेला हप्ता आला की विद्यार्थ्याने ती रक्कम फेडावी आणि पुढच्या वर्षीच्या अर्जदाराने तीच वापरावी.