ख्रिस्ती भक्तिजीवनातील आज्ञाधारकता व भरवसा : मुंबई उपनगरांतील गावठाणांच्या संदर्भात

ख्रिस्ती धर्मविचारात 'आज्ञापालन' आणि 'परमेश्वरावरील भरवसा' या दोन संकल्पना नेहमी जोडीने येतात. सामान्य वाचकाचा असा समज असतो की, आज्ञापालन म्हणजे नियमांपुढे मान तुकविणे व भरवसा म्हणजे प्रयत्न सोडून दैवावर हवाला ठेवणे. हा समज कितपत बरोबर आहे, याचा विचार मुंबई उपनगरांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या दैनंदिन जीवनाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. आज्ञापालनासाठी लॅटिन भाषेत जो 'ओबेदिरे' हा शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'ऐकणे' हाच अर्थ आहे. हिब्रू भाषेतील 'शामा' हे क्रियापद ऐकणे व मानणे या दोन्ही अर्थांनी वापरले जाते. मराठी भाषकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. 'मुलगा ऐकत नाही' असे एखादी आई म्हणते तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे कोणी मानीत नाही. याचा अर्थ असा की, आज्ञापालनात सक्तीपेक्षा संबंध अधिक महत्त्वाचा आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्याचेच मनापासून ऐकले जाते. म्हणूनच भरवसा ही आज्ञापालनाची पूर्वअट ठरते.

साष्टीच्या गावांत हे ऐकणे अक्षरशः कानाने होत असे. 1534 च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला आणि त्यानंतर येथे ख्रिस्तमंदिरे उभी राहिली. सकाळ, दुपार व सायंकाळ अशी तीन वेळा वाजणारी 'अँजेलस'ची घंटा शेतात, मिठागरात वा खाडीकाठी काम करणाऱ्याला क्षणभर थांबवीत असे. काम थांबवावयाचे, प्रार्थना म्हणावयाची व पुन्हा कामाला लागावयाचे. भक्ती ही कामाच्या वेळेतून वेगळी काढलेली वेळ नव्हती, ती कामाच्या मधोमधच होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साजरा होणारा 'आगेरा' हाही त्याच प्रकारचा. नव्या भाताची कणसे प्रथम ख्रिस्तमंदिरात नेऊन आशीर्वादित करावयाची, मग पिकाचा उपभोग घ्यावयाचा. अंधेरीच्या परिसरात आज भातशेती उरलेली नाही, तरीही बाहेरून कणसे आणून आगेरा साजरा होतो. यात केवळ स्मरणरंजन आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

भरवशाची खरी कसोटी मात्र साथीच्या रोगांत लागली, आणि या प्रश्नाचा गाभाही तेथेच सापडतो. अंधेरीतील सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे ख्रिस्तमंदिर जेझुइटांनी 1579 मध्ये बांधले. साथीमुळे 1840 मध्ये धर्मग्रामाने ते सोडले व मरोळ येथे नवे मंदिर उभारले. अडीचशेहून अधिक वर्षांची वास्तू साथीला भिऊन सोडणे हा अविश्वास होता काय? या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानातील मोहाच्या प्रसंगात मिळते. परमेश्वर सांभाळील या आधारावर मंदिराच्या उंच टोकावरून उडी टाकण्याचे सैतानाचे आव्हान येशू नाकारतो. देवावर विसंबणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे, हा भेद ख्रिस्ती विचारात अत्यंत मूलभूत आहे. संकट टाळणे हा विश्वासाचा अभाव ठरत नाही. उलट गेथशेमाने बागेत स्वतः येशूनेही प्रथम दुःखाचा प्याला टळावा अशीच विनवणी केली व त्यानंतर पित्याची इच्छा स्वीकारली. स्तोत्रसंहितेत तर गाऱ्हाण्यांची स्तोत्रे कितीतरी आहेत. तक्रार न करणारी भक्ती ही अधिक श्रेष्ठ, असे मानण्यास बायबलमध्ये फारसा आधार नाही.

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. घरझडती, विलगीकरण यांची दहशत होती व लोक घरे सोडून मोकळ्यावर झोपड्यांत राहत होते. त्या काळात वांद्रे, अंधेरी परिसरातील गावठाणांत ठिकठिकाणी दगडी क्रूस उभारण्यात आले. अनेक क्रूसांच्या चौथऱ्यांवर त्या काळातील वर्षे आजही वाचता येतात. याच काळात, 10 जानेवारी 1897 रोजी, वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. क्रूस आणि लस यांना एकमेकांचे विरोधी मानण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. आंबोलीच्या सेंट ब्लेझ मंदिरात 3 फेब्रुवारीला दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून घशाच्या विकारांसाठी आशीर्वाद दिला जातो. तो घेणारा भाविक डॉक्टरकडेही जातो आणि त्यास त्यात विसंगती वाटत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावी लागेल. क्रूसाशी नवसाची भावनाही जोडलेली आहे, आणि नवसात देवाणघेवाणीचा सूर असतो. 'साथ टळली तर क्रूस बांधू' यात भरवसा किती व सौदा किती, हे सांगणे कठीण आहे. तथापि, साथ ओसरल्यावरही क्रूसापाशी जमणे थांबले नाही. मे महिन्यात शेजारी एकत्र येऊन जपमाळ म्हणतात, क्रूसाच्या सणाला उकडलेले चणे वाटतात. नवसाची फेड झाल्यानंतरही जे उरते त्यालाच भक्ती म्हणावे लागते.

2020 मध्ये करोनाच्या काळात प्रश्न पुन्हा उभा राहिला. मार्चमध्ये सार्वजनिक मिस्सा बंद झाली, 16 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली, पुन्हा बंद होऊन 7 ऑक्टोबर 2021 रोजी खुली झाली. ज्या समाजात रविवारची मिस्सा चुकविणे हा अपराध मानला जातो, त्याने मंदिराबाहेर राहणे हेच आज्ञापालन म्हणून स्वीकारले. जपमाळ घरात आली. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी ही परमेश्वराच्या आज्ञेतच समाविष्ट आहे, हा विचार धर्मग्रंथातून समजणे सोपे आणि बंद दारासमोर समजणे अवघड असते.

1840 मध्ये सोडलेले ते जुने मंदिर आज सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणात भग्नावस्थेत उभे आहे व मे महिन्यात वर्षातून एकदा तेथे मिस्सा होते. गावठाणांतील क्रूसांपुढील अडचण वेगळी आहे. सार्वजनिक जागेतील अनधिकृत प्रार्थनास्थळांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आल्यानंतर क्रूसांच्या वयाचे पुरावे गोळा करण्याची वेळ गावकऱ्यांवर आली. कृतज्ञतेने चौथऱ्यावर कोरलेले वर्ष आता कागदपत्रांबरोबर पुरावा म्हणून दाखवावे लागते.