लोकमताचें न्यायासन आणि यहुदी निर्वासित

लोकशाहीच्या राज्यांत लोकमत हेंच अखेरचें न्यायासन होय, असें आपण नेहमीं ऐकतों व तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. परंतु न्यायासनावर बसणाऱ्यानें पुरावा ऐकून घेतला पाहिजे, पक्षकाराचें कुळगोत्र न पाहतां निकाल दिला पाहिजे, आणि दिलेल्या निकालाची अंमलबजावणीही केली पाहिजे. या तीन गोष्टींपैकीं एक जरी सुटली, तरी न्यायासनाची नुसती खुर्ची उरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेसारख्या सुशिक्षित, स्वतंत्र व संपन्न देशांतील लोकमत यूरोपांतील यहुद्यांच्या बाबतींत या तिन्ही कसोट्यांस कसें उतरलें नाहीं, हा इतिहास आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे.

सन १९३८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ९ व १० तारखांस जर्मनींत सरकारच्याच चिथावणीनें यहुद्यांवर हल्ले झाले. शेंकडों प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं, सुमारें ७,५०० दुकानें फोडलीं गेलीं आणि सुमारें ३०,००० पुरुषांस पकडून छळछावण्यांत कोंडण्यांत आलें. यापुढील प्रकार व्यापारी वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. ज्यांचीं दुकानें फुटलीं त्यांच्यावरच एक अब्ज मार्कांचा सामुदायिक दंड बसविण्यांत आला, आणि त्यांना मिळावयाची विम्याची रक्कम सरकारनें जप्त केली. म्हणजे दरोडा ज्याच्या घरीं पडला, त्यालाच दरोड्याचा खर्च भरावयास लाविलें! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची गोष्ट आपण हसण्यावारी नेतों. तेथें तर चोरच न्यायाधीश होऊन बसला होता.

ही बातमी अमेरिकेंत पोहोंचतांच वर्तमानपत्रांनीं कडक निषेध केला व अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं बर्लिन येथील आपल्या वकिलास परत बोलाविलें. त्याच सुमारास गॅलप यांच्या संस्थेनें लोकमताची जी पाहणी केली, तींत शेंकडा ९४ लोकांनीं यहुद्यांवरील जुलूम आपणांस नापसंत असल्याचें सांगितलें. परंतु जर्मनींतील यहुदी निर्वासितांस अधिक संख्येनें आपल्या देशांत येऊं द्यावें काय, या प्रश्नास शेंकडा ७२ लोकांनीं नकार दिला. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. जुलूम वाईट हें सर्वांस पटलें होतें. त्या जुलमांतून सुटणाऱ्याला दार उघडावें हें मात्र थोड्यांसच पटलें. निषेधाला कांहीं खर्च नसतो, आश्रयाला असतो.

नकाराला कारणें नव्हतीं असें आम्ही म्हणत नाहीं. १९२९ पासूनच्या मंदीनें लाखों लोक बेकार झाले होते. घरांत चूल पेटत नसतां पाहुणा कसा ठेवावा, असें गरिबानें विचारलें तर त्याला दोष देतां येत नाहीं. पण हें कारण पुरें नव्हतें, हें लहान मुलांच्या प्रकरणावरून सिद्ध झालें. ठरलेल्या वार्षिक मर्यादेबाहेर २०,००० निर्वासित मुलें दोन वर्षांत आणावीं, असें बिल १९३९ च्या फेब्रुवारींत वॅग्नर व रॉजर्स या दोन लोकप्रतिनिधींनीं मांडलें. लहान मूल कोणाची नोकरी हिरावून घेणार होतें? तरीही त्यापूर्वीं जानेवारींत झालेल्या पाहणींत १०,००० मुलांस आणण्याच्या कल्पनेलाच शेंकडा ६१ लोकांनीं विरोध केला होता. आणि बिल मतास न पडतांच बारगळलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत ‘सेंट लुई’ नांवाचें जहाज ९३७ उतारू घेऊन हँबुर्गहून निघालें. क्यूबानें अवघ्या २८ जणांस उतरूं दिलें व बाकीच्यांस परत लाविलें. मायामीचे दिवे उतारूंस दिसत होते, पण अमेरिकेनेंही त्यांस आंत घेतलें नाहीं. यूरोपांत परतलेल्या या उतारूंपैकीं २५४ जण पुढें नाझींच्या संहारांत मारले गेले.

चांगल्या माणसांचीं मनें इतकीं कठोर कशीं झालीं? या प्रश्नाचें अर्धें उत्तर मंदींत आहे व अर्धें अफवांत. यहुद्यांनीं जग जिंकण्याचा गुप्त कट केला आहे, असें सांगणारा एक बनावट दस्तऐवज त्या काळीं देशोदेशीं फिरत होता. तो दुसऱ्याच पुस्तकांतून चोरून रचलेला आहे हें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानें १९२१ सालींच उघड केलें होतें. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकानें तोच मजकूर अमेरिकेंत पसरविला. कोर्टांत फिर्याद झाल्यावर फोर्ड यांस १९२७ सालीं जाहीर माफी मागावी लागली. इतकें होऊनही कॉफलिन नांवाच्या धर्मगुरूनें १९३८ सालीं तोच मजकूर आपल्या पत्रांत पुन्हां छापला, आणि रेडिओवर त्याचीं भाषणें लाखों लोक ऐकत राहिले. वकिलीच्या धंद्यांत एकदां खोटा ठरलेला कागद पुन्हां पुराव्यांत घेत नाहींत. लोकमताच्या कचेरींत मात्र असा कागद शंभरदां दाखल होतो, व प्रत्येक वेळीं नवा म्हणून वाचला जातो.

यूरोपांतील युद्धांत अमेरिकेनें पडावें कीं पडूं नये, हा वाद १९४१ सालीं ऐन रंगांत आला. युद्धांत पडूं नये असें म्हणणें हा कांहीं गुन्हा नव्हे. आमच्या देशालाही १९३९ सालीं लोकप्रतिनिधींस न विचारतां युद्धांत ओढण्यांत आलें, व त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. पण युद्धाला विरोध करण्यासाठीं एखाद्या जमातीला शत्रु ठरविण्याची गरज लागत नाहीं. ती मर्यादा प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांनीं ११ सप्टेंबर १९४१ रोजीं डे मॉइन शहरीं ओलांडली. देशाला युद्धाकडे ढकलणारे ब्रिटिश, यहुदी आणि रूझवेल्ट यांचें सरकार, असे तीन पक्ष त्यांनीं सांगितले. यहुद्यांस नाझींचा पाडाव हवा असणें स्वाभाविक आहे, असें त्यांनींच कबूल केलें. आणि लगेच चित्रपट, वृत्तपत्रें व सरकार यांतील त्यांचें वजन देशास धोक्याचें आहे, असेंही म्हटलें. देशांतील शेंकडा चारांहून कमी असलेल्या जमातीवर एवढा मोठा आरोप, आणि पुरावा कोणता? वृत्तपत्रांनीं व दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनीं या भाषणाचा धिक्कार केला, ही अमेरिकेच्या लौकिकास शोभणारी गोष्ट होय. डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर बाँब टाकले व तो वाद संपला.

पण वाद संपला तरी विष उतरलें नाहीं. यहुदी लढाई टाळतात, अशी कुजबूज युद्धकाळांत चालूच होती. वस्तुतः सुमारें साडेपांच लाख अमेरिकन यहुदी सैन्यांत दाखल झाले होते. यहुद्यांपासून देशास धोका आहे असें मानणारांचें प्रमाण युद्धकाळांतील निरनिराळ्या पाहण्यांत शेंकडा १५ ते २४ पर्यंत आढळलें. १७ डिसेंबर १९४२ रोजीं दोस्त राष्ट्रांनीं यहुद्यांच्या सामुदायिक कत्तलीचा जाहीर निषेध केला. त्यानंतर जानेवारींत, वीस लक्ष यहुदी मारले गेल्याची वार्ता खरी वाटते काय असें लोकांस विचारलें, तेव्हां शेंकडा ४७ लोकांनींच ती खरी मानली. शेंकडा २९ लोकांस ती अफवा वाटली. पहिल्या महायुद्धांत अत्याचारांच्या खोट्या कथा पसरविल्या गेल्या होत्या, त्याचें हें फळ. खोट्या कागदावर विश्वास ठेवणारें लोकमत खऱ्या साक्षीवर अविश्वास दाखवितें, तें असें.

तथापि लोकमत बदलूं शकतें, हेंही याच इतिहासांत लिहिलेलें आहे. परराष्ट्रखात्यांतील अधिकारी परवान्यांच्या कामांत मुद्दाम दिरंगाई करतात व कत्तलीच्या बातम्या दडपतात, असा पुराव्यानिशीं अहवाल जानेवारी १९४४ मध्यें अर्थखात्याच्याच कांहीं तरुण वकिलांनीं तयार केला. त्यावर त्याच महिन्याच्या २२ तारखेस अध्यक्षांनीं युद्धनिर्वासित मंडळ स्थापिलें, व त्याच्या प्रयत्नांनीं हजारों जीव वांचले. निर्वासितांस तात्पुरता आश्रय द्यावा काय, असें एप्रिलांत विचारतां शेंकडा ७० लोकांनीं होकार दिला. ऑगस्टांत ९८२ निर्वासित न्यूयॉर्क संस्थानांतील ऑस्वेगो येथें आले. ज्या राष्ट्रानें सहा वर्षांपूर्वीं नकार दिला होता, त्यानेंच हा होकार दिला. फरक इतकाच, कीं सत्य दडविणाऱ्यांस कोणीतरी जाब विचारला होता. पण तोंपर्यंत लक्षावधी माणसें मेलीं होतीं. उशिरां आलेला न्याय मेलेल्याला उठवीत नाहीं.

आमच्या कोंकणांत शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नांवानें ओळखले जाणारे बेने इस्रायल शतकानुशतकें मराठी बोलत सुखानें नांदले, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्या अभिमानावर झोंपूं नये. बाजारभाव चढले, सांथ आली, दंगा झाला, कीं वड्याचें तेल वांग्यावर काढण्याची संवय आपल्याही गांवोगांवीं आहे. दूरदेशीं युद्ध पेटलें कीं तेथील सरकारच्या कृत्याचा जाब आपल्याच पेठेंतील त्या धर्माच्या शेजाऱ्याला विचारण्याची बुद्धि होते. मग तो शेजारी यहुदी असो, मुसलमान असो वा आणखी कोणी असो. गुन्हा व्यक्तीचा असतो, जातीचा नव्हे, हें कायद्याचें पहिलें कलम आहे, व तेंच माणुसकीचेंही आहे.

म्हणून आमची विनंति एवढीच, कीं एखाद्या जमातीविरुद्ध कांहीं कानांवर आलें तर तें पुढें सांगण्यापूर्वीं पुरावा मागावा. अन्यायाचा निषेध केला तर त्याबरोबर आपण काय देणार तेंही सांगावें. आणि संकटग्रस्त दारीं आला असतां त्याची जात विचारण्याआधीं त्याला पाणी द्यावें. लोकमताचें न्यायासन आपल्याच हातीं आहे. त्यावर बसून आपण जो निकाल देऊं, त्याची किंमत कोणाला तरी प्राणानें भरावी लागते, ही जाणीव प्रत्येक नागरिकानें बाळगली पाहिजे.