तापाचं कारण लघवीत

दहा महिन्यांचं बाळ. सर्दी नाही, खोकला नाही, तरी ताप १०३. आजी म्हणते दात येत असतील. शेजारीण मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला सांगते. अँटिबायोटिकच्या सिरपने ताप उतरतो, महिन्याभराने पुन्हा चढतो. ताप लघवीतल्या जंतूंचा असेल, बाळाची लघवी तपासावी, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

किडनीतून लघवी आणणारी मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते आणि अस्तराखालून थोडी पुढे जाऊन उघडते. मूत्राशय भरला की त्याच्याच दाबाने हा बोगदा चेपला जातो, परतीची वाट बंद! वेगळी झडप बसवायची गरजच नाही. बोगदा जन्मतःच आखूड असेल, तर मात्र लघवी उलटी वर चढते. याला म्हणतात रिफ्लक्स. त्या लघवीत जंतू असले तर ते थेट किडनीत पोचू शकतात आणि तिथे व्रण ठेवून जाऊ शकतात. हे व्रण पुढे रक्तदाब वाढवू शकतात.

निदानाची मुख्य तपासणी एमसीयू. नळीने मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं द्रव्य भरायचं आणि बाळ शू करत असताना चित्रं घ्यायची. आईबापांना बघवत नाही, पण रिफ्लक्स पाचांपैकी कोणत्या श्रेणीचा, हे त्यातच ठरतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून रिफ्लक्स नाहीच, असं नसतं.

सौम्य रिफ्लक्स बहुतेकदा वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो; मूल वाढतं तसा बोगदाही लांबतो. तोवर रोज अँटिबायोटिकचा छोटा डोस द्यावा का? अमेरिकेतल्या ६०७ मुलांवरच्या अभ्यासाने २०१४मध्ये दिलेलं उत्तर अर्धवटच होतं : संसर्ग जवळपास निम्म्याने घटले, पण किडनीवरचे व्रण काही कमी झाले नाहीत. म्हणून सरसकट औषध नको, मूल बघून ठरवावं, हेच मला पटतं. थोड्या मोठ्या मुलांत बद्धकोष्ठता आणि शू दाबून ठेवायची सवय आधी सोडवावी. ती राहिली तर संसर्ग परततात. तीव्र रिफ्लक्समध्ये दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाखाली जेल टोचतात, किंवा शस्त्रक्रियेने नवा, लांब बोगदा करतात.

पण हे सगळं पुढचं; आधी संसर्ग पकडायला हवा, आणि त्यासाठी लघवीचं कल्चर, म्हणजे तिच्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात गेला की कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं. चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे नमुना नळीने घेतलेला बरा. तेव्हा बाळाला कारण न सापडणारा ताप आला, तर सिरपची बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा : लघवीचं कल्चर पाठवायचं का?